अर्धी प्रदक्षिणा

"अहो, तुमची गाडी डोळा मारतेय."

नोव्हेंबरातली संध्याकाळ. इंग्लंडातल्या मिल्टन कीन्सला या दिवसांत चार वाजून गेले की अंधारायला लागतं. मी गाडी बाहेर काढत होतो आणि बायको स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होती. खाली उतरून पुढे गेलो तर खरंच. डावा दिवा पूर्ण वर येऊन चक्क उजेड पाडत होता. उजवा मात्र पंगतीतून अर्धवट उठलेल्या माणसासारखा, पुढे उठावं की परत बसावं या पेचात अडकलेला. पेटलेला होता, पण त्याचा उजेड समोरच्या रस्त्यावर पडायच्या ऐवजी बॉनेटच्या पत्र्याखालीच कुठेतरी सांडत होता.

गाडी १९९१ची लाल माझदा एमएक्स-५. दोन माणसांची, उघड्या छताची, ज्यांचे दिवे दिवसा बॉनेटमध्ये झाकलेले असतात आणि कळ फिरवली की पापण्या उघडून वर येतात अशा गाड्यांपैकी एक. या पापण्यांवर मी गेली अनेक वर्षं भाळलेलो आहे, पण त्या वाचल्या कधीच नव्हत्या. आवडती चीज आपण शंभरदा ऐकतो आणि तिचे शब्द आपल्याला येतात असं समजून चालतो. एक दिवस गवई एक शब्द विसरतो, आणि त्या रिकाम्या जागेपाशी पहिल्यांदा कळतं की तिथे काय होतं. उजव्या दिव्यानं माझ्यावर तसे उपकार केले.

मुळात हे दिवे लपवायची खोड कुठून आली ते आधी पाहू. अमेरिकेत १९४० पासून मोटारीचा पुढचा दिवा म्हणजे सात इंच व्यासाचा, सीलबंद, गोल, असा दंडक बसला. आपल्या महिंद्रा जीपच्या तोंडावर किंवा बुलेटच्या हँडलपुढे जो दिवा पाहत आपण मोठे झालो, त्याच मापाचा. शिवाय त्याचा मध्य जमिनीपासून निदान बावीस इंचांवर हवा. आता नाक जमिनीला टेकवून पळणारी बुटकी गाडी काढायची, आणि तिच्या त्या निमुळत्या नाकावर हा वाटोळा तांब्या ठेवायचा कुठे? दिवसा झाका, रात्री वर काढा, हा या प्रश्नाचा तोडगा. कायद्याच्या कोंडीतून सुटलेली ही कल्पना पुढे लोकांना नुसत्या रूपासाठी आवडू लागली. खमंग थालीपीठ आधी उरल्यासुरल्या पिठांचंच झालं असणार, तसंच काहीसं.

अर्थात पहिला मान या कायद्याच्याही आधीचा. गॉर्डन ब्युरिग यांनी रेखलेली १९३६ची कॉर्ड ८१० ही दिवे लपवणारी पहिली गाडी. तिचे दिवे विमानाच्या लँडिंग दिव्यांवरून घेतलेले. डॅशबोर्डच्या दोन टोकांना दोन हँडलं असत आणि प्रत्येक डोळा वेगवेगळा, हातानं फिरवून उघडावा लागे. त्या गाडीत बिघाड शोधायला मीटर लागत नाही, दंडात ताकद लागते. १९६२च्या लोटस एलाननं हे काम हवेच्या पोकळीवर सोपवलं. इंजिननं ओढून घेतलेली निर्वात पोकळी चासीच्या पुढच्या आडव्या पेटीत साठवायची आणि तिच्या जोरावर दिवे उचलायचे. चासीच्याच पोटात दम भरून ठेवायचा, ही युक्ती मला आजही थक्क करते. पण एखादी रबरी नळी भेगाळली की सुरुवातीच्या एलानचे डोळे भर रस्त्यात पेंगुळत. पुढच्या गाड्यांत मग सगळं उलटं फिरवलं. स्प्रिंग दिवे वर ढकलणार, पोकळी त्यांना खाली धरून ठेवणार, म्हणजे दम गेला तरी डोळे उघडेच राहणार. बिघाड होणारच, पण झाल्यावर गाडीनं कोणत्या बाजूला कलंडायचं हे आधी ठरवून ठेवलेलं. यंत्राच्या रसिकानं टाळी द्यावी अशी ही जागा.

एमएक्स-५ ही एलानची मानसकन्या, हे तिच्या कर्त्यांनीही कधी लपवलं नाही. तिची पहिली रेखाटनं माझदाच्या कॅलिफोर्नियातल्या स्टुडिओत झाली, रूप घडवणाऱ्यांत टॉम मातानो होते, आणि १९८९च्या फेब्रुवारीत शिकागोच्या प्रदर्शनात ती लोकांसमोर आली. तोवर अमेरिकेनं सीलबंद दिव्याची सक्ती सोडून काही वर्षं झाली होती. १९८३ पासून कुठल्याही आकाराच्या काचेआड बदलता येणारा बल्ब बसवायची मुभा होती. म्हणजे माझदाला या पापण्यांची तशी गरज उरली नव्हती. त्या हौसेनं ठेवल्या, आणि हौसेच्या दागिन्याची घडण नेहमीच गरजेच्या भांड्यापेक्षा जास्त बघण्याजोगी असते.

आता ती घडण.

दिवा वर जातो आणि खाली येतो, तेव्हा मोटर एकदा सुलटी आणि एकदा उलटी फिरत असेल, असंच कुणालाही वाटेल. मीही तसंच समजत होतो. पण ती कधीच उलटी फिरत नाही. तिच्या दांड्यावर एक लहान भुजा आहे, भुजेच्या टोकाला एक जोडदांडा, आणि जोडदांड्याच्या दुसऱ्या टोकाला दिव्याची चौकट. भुजेनं अर्धा फेरा घातला की दिवा वर. त्याच दिशेनं उरलेला अर्धा फेरा घातला की दिवा खाली. वर जाणं आणि खाली येणं ही एकाच प्रदक्षिणेची दोन अर्धुकं. शंकराच्या देवळात आपण सोमसूत्रापर्यंत जाऊन माघारी फिरतो. ही मोटर गणपतीवाली, ती माघारी फिरत नाही, फक्त अर्ध्या वाटेवर थांबून उजेड दाखवते.

या एका ठरवण्यातून किती गोष्टी फुकट पदरात पडल्या आहेत ते बघण्यासारखं आहे. मोटर उलटी फिरवायची नाही म्हणजे तारांची अदलाबदल नाही, निम्मं वायरिंग वाचलं. भुजा फेऱ्याच्या दोन्ही टोकांना जोडदांड्याच्या सरळ रेषेत येते, त्यामुळे तिथे दिव्याला वाऱ्यानं कितीही दाबलं तरी तो दाब मोटरला फिरवू शकत नाही. दिवा वर तोलून धरायला विजेचा एक थेंब लागत नाही. आणि तिसरी गोष्ट निव्वळ नजरेच्या सुखाची. भुजा टोकांपाशी असते तेव्हा दिवा अगदी हळू हलतो, मधे वेग घेतो, शेवटी पुन्हा हळू होतो. विलंबित, द्रुत आणि पुन्हा विलंबित, आणि हे सगळं जेमतेम सेकंदभरात. लोक म्हणतात या गाडीचे डोळे जिवंत वाटतात. त्यात जादू काही नाही, वर्तुळाची सरळ रेषेवर पडलेली ती सावली आहे. ते कळल्यावरही डोळे तितकेच जिवंत वाटतात.

पण मग प्रश्न उरतो, मोटरला थांबायचं कुठे ते कसं समजतं? आत ना घड्याळ, ना मोजणी. मोटरनं फिरवलेल्या दातेरी चक्रावर धातूची एक गोल पट्टी आहे आणि तिच्यावरून स्प्रिंगच्या जिभा घासत जातात. करंट त्या पट्टीतून मोटरकडे जातो. मात्र पट्टी सलग नाही. जिथे दिवा पुरता वर असतो तिथे, आणि जिथे पुरता खाली असतो तिथे, तिच्यात खाच आहे. जीभ खाचेवर आली की करंट तुटतो आणि मोटर थांबते. कळ 'वर' म्हणाली की एका जिभेचा रस्ता खुला होतो, 'खाली' म्हणाली की दुसरीचा. एवढीच या यंत्राची आठवण. आपण कुठे पोहोचलो हे त्याला धातू असण्यानं कळत नाही, धातू नसण्यानं कळतं. यतीशिवाय वृत्त नाही, हे शाळेत मोरोपंत घोकताना पाठ केलं होतं. पटलं ते ग्रीसनं माखलेल्या बोटांनी.

या मोटरच्या पाठीला, रबरी टोपीखाली, बोटांनी फिरवायची एक गाठ आहे. कितीतरी वेळ फिरवत बसलं की दिवा मुंगीच्या पावलांनी वर येतो. बहुतेक मालकांना ती आहे हेच ठाऊक नसतं. झाकलेल्या दिव्यांसाठी अमेरिकेत एक वेगळा नियम होता. दिवे तीन सेकंदांच्या आत उघडले पाहिजेत, पेटलेले असताना वीज गेली तरी उघडेच राहिले पाहिजेत, आणि यंत्रणा बिघडली तर अवजाराशिवाय उघडता आले पाहिजेत. ती गाठ म्हणजे या शेवटच्या कलमाचं नायलॉनमधलं भाषांतर. सरकारी नियमाची इतकी नम्र आणि इतकी उपयोगी अंमलबजावणी मी क्वचित पाहिली आहे. त्या संध्याकाळी तिनंच मला अर्ध्या दिव्याच्या लाजेतून सोडवलं. पण कुणी करून बघणार असेल तर आधी रिट्रॅक्टर लिहिलेला ३० अँपिअरचा फ्यूज काढावा. रुसलेल्या मोटरला मधेच करंट मिळाला तर ती बोटं बघत नाही.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता, आणि आमचं वाचन सुरू झालं.

इथे एमएक्स-५चा एक स्वभाव कामी येतो. पोर्शे ९४४मध्ये दोन्ही दिव्यांना मिळून एकच मोटर आहे, आडव्या दांड्यानं दोन्ही डोळे एकत्र उचलते. ती गाडी कधी डोळा मारू शकत नाही, बिघडली तर दोन्ही डोळे मिटून बसते. भारदस्तपणा म्हणून ते ठीक. पण एमएक्स-५ला दोन डोळ्यांना दोन मोटरी आहेत, म्हणून तिचा बिघाड बहुधा एकाच अंगाला होतो आणि दुसरं अंग शाबूत राहतं. शाबूत डोळा हा आजारी डोळ्याचा शब्दकोश. डावा वर आला म्हणजे सामायिक फ्यूज ठीक, कळ ठीक, बॅटरी ठीक. एका दृष्टिक्षेपात निम्मं वायरिंग निर्दोष सुटलं. राहिला उजवीकडचा कॉन्टॅक्ट, रिले, मोटर आणि अर्थिंग. शिवाय दर वेळी मनात येणारा प्रश्न, "एवढं बरोबर की चूक?", त्याचं उत्तर तीन फुटांवर तयार.

मल्टिमीटर लावला. उजव्या मोटरच्या सॉकेटवर बारा व्होल्ट, वर थोडं. म्हणजे करंट येतोय, मोटर मेली, असं समजून मी चाळीस पौंडांची जुनी मोटर मागवायच्या बेतात होतो, तेवढ्यात एक जुनं वाक्य आठवलं. नाशिकला आमच्या गल्लीच्या तोंडावर एक ऑटो इलेक्ट्रिशियन बसायचे. ट्रकवाले त्यांना मास्तर म्हणत. मीटर त्यांच्याकडे होता पण तो पेटीत असे. हातात कायम दोन वायरींना जोडलेला एक बल्ब. "मीटर विचारतो, वीज आहे का. बल्ब विचारतो, कामाला येतेस का," असं ते म्हणायचे. लहानपणी ऐकलेलं हे वाक्य चाळीस वर्षांनी इंग्लंडात गॅरेजच्या थंडगार फरशीवर बसल्यावर समजलं.

त्यामागचं गणित साधं आहे. मीटरचा स्वतःचा अडथळा साधारण एक कोटी ओहमचा. तो वाटेतून मायक्रोअँपिअरभर करंट घेतो. वायरची एकच तार शिल्लक असली, नट गंजलेला असला, वाटेत एक ओहमचा अडथळा बसलेला असला, तरी एवढ्याशा करंटला तो जाणवतच नाही आणि मीटर खुशाल बारा दाखवतो. मोटरला मात्र पाच-सहा अँपिअर लागतात. त्या एका ओहमवर पाच अँपिअरना पाच व्होल्टची जकात भरावी लागते आणि मोटरच्या हाती उरतात सात. सात व्होल्टवर अर्ध्या वाटेपर्यंत जाता येतं, पुढे नाही. जुना ५५ वॉटचा हॅलोजन बल्ब दोन वायरींवर घेतला. डावीकडच्या सॉकेटला लावला, पांढरा लख्ख. उजवीकडे लावला, तर तिन्हीसांजेच्या समईसारखा पिवळा.

म्हणजे दोष रस्त्यात. पण जाणाऱ्या रस्त्यात की येणाऱ्या? वायरिंगमध्ये आपण कायम येणाऱ्या करंटची काळजी करतो. परत जाणाऱ्याची वाट म्हणजे गाडीचा पत्रा, त्यामुळे ती आहेच असं गृहीत धरतो. मीटरचं एक टोक बॅटरीच्या ऋण खांबावर, दुसरं उजव्या मोटरच्या काळ्या वायरवर ठेवलं आणि बायकोला म्हटलं, "कळ फिरव." तिनं फिरवली. मोटर कण्हली, आणि मीटरवर चार व्होल्टच्या वर आकडा. जिथे शून्य हवं तिथे चार. डावीकडे तेच करून पाहिलं तर अर्ध्या व्होल्टच्या आत. फार शुद्ध नाही, पण चालण्यासारखं. एका आकड्यात निदान झालं. मोटर निर्दोष, सगळं गेलेलं अर्थिंगमध्ये.

बॉनेटखाली पत्र्याला आवळलेल्या त्या बोल्टपाशी पोहोचायला अर्धा तास गेला. हिवाळ्यात इथल्या रस्त्यांवर बर्फ वितळवायला मीठ टाकतात. तीस वर्षांचं मीठ आणि ओल तिथे मुरलेली. वायरच्या टोकाची कडी काढली तर ती कळकलेली, ताक विसरलेल्या पितळी भांड्यासारखी हिरवट. बोल्टखालचा पत्रा तपकिरी. घासकागदानं पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, वायर निरोगी तांबं लागेपर्यंत कापली, नवी कडी घातली. ही नवी कडी पांढरी दिसते कारण तांब्यावर कथलाचा मुलामा असतो. म्हणजे कल्हईच. जी युक्ती आजीच्या स्वयंपाकघरात आंबट वरणासाठी होती, तीच जपानी गाडीच्या अर्थिंगला. बोल्ट आवळला, वरून ग्रीस फासलं आणि मोठ्या विश्वासानं कळ फिरवली.

उजवा दिवा झटकन वर आला. आणि खाली गेला. आणि वर आला. आणि खाली.

बायको आधी हसली, मग म्हणाली, "आता हो हो म्हणतेय." दिवा मान डोलवत होता, थांबायचं नाव नाही. फ्यूज उपटला आणि पायरीवर बसून राहिलो. हा या सगळ्या प्रकरणातला माझा सर्वांत आवडता चतकोर. आपण एक दोष काढतो आणि त्याच्या पोटातून दुसरा बाहेर येतो. अशक्त करंटमुळे मोटर आजवर शेवटच्या खाचेपर्यंत पोहोचतच नव्हती, त्यामुळे खाचेत काय दडलंय ते कळायला मार्गच नव्हता. आजार्‍याला चालता यायला लागलं तेव्हा समजलं की त्याला थांबता येत नाही.

फ्यूज परत बसवला आणि दिवे बंद केले. नाचणारा दिवा खाली गेला आणि शहाण्यासारखा खाली थांबला. पुन्हा चालू केले, पुन्हा नाच. बंद केले, पुन्हा मुकाट. हे तीनदा केलं, गरज एकदाच होती, उरलेलं दोनदा निव्वळ आनंदासाठी. कारण झाकण न उघडता आतलं सगळं दिसत होतं. खालची खाच शाबूत, खालची जीभ शाबूत, रिले हुकूम बरोबर पोहोचवतोय. फक्त वरची खाच बुजलेली. यती असायला हवी तिथे अक्षर भरलेलं.

मोटर काढून झाकण उघडलं. आत तीस वर्षांपूर्वीचं ग्रीस, काळंकुट्ट, काजळासारखं. जिभा घासून घासून धातूची भुकटी त्यात मिसळलेली आणि ते कालवण जिभेनं ढकलत ढकलत नेमकं वरच्या खाचेत नेऊन बसवलेलं. खाचेवर पूल झालेला. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापडानं पट्टी पुसली, दातकोरणीनं खाच कोरली. घासकागद इथे मुळीच वापरला नाही. पट्टीवर ओरखडे पडले तर जिभा पुढच्या वर्षी अजून भुकटी पाडतील. जिभांना नखानं किंचित ताण दिला, ग्रीसचं पातळ बोट लावलं. खाच स्वच्छ झाल्यावर तिच्याकडे भिंगातून पाहिलं. जेमतेम काही मिलिमीटरची रिकामी जागा. एवढ्याशा रिकामेपणावर त्या दिव्याची सगळी मर्यादा टांगलेली.

या गाडीच्या १९९८च्या पुढच्या अवतारात पापण्या गेल्या, काचेआडचे स्थिर दिवे आले. २००४ साली लोटस एस्प्रिट आणि दिवे लपवणारी कॉर्व्हेट बंद झाली तेव्हा मोठ्या कारखान्यांतून अशा गाड्या निघणं थांबलं. वजन वाचलं, खर्च वाचला, धडकेत पादचाऱ्याला लागणारी टोकदार कडा गेली. तक्रार करायला जागा नाही. नवे दिवे उजेडही जास्त देतात. मला एवढंच वाटतं की त्यांच्यात बिघडलेलं वाचता येत नाही. बिघडला की अख्खा दिवा काढून नवा बसवायचा.

मोटर बसवली, फ्यूज बसवला. अंधार पडत आलाच होता. बायकोला खिडकीत उभं केलं आणि कळ फिरवली. दोन्ही दिवे वर आले, दोन्ही थांबले. मी काचेतून तिच्याकडे बघितलं. तिनं मान तिरकी केली आणि हातानं खूण केली, पुन्हा. पुन्हा केलं. तिनं खिडकी उघडली.

"उजवा आधी येतोय. डावा मागाहून."

खरं होतं. उजव्याचं अर्थिंग आता कोरं करकरीत, डाव्याचं अजून त्या अर्ध्या व्होल्टवर चाललेलं. पाव सेकंदाचाही फरक नसेल. घासकागद खिशातच होता, पाना हातात होता, डावा बोल्ट पुढ्यात होता. मी बॉनेट लावलं आणि चहा प्यायला आत गेलो.